लांडगा आला तेव्हा कुत्रं कुठं होतं? चौथीच्या वर्गातल्या डिजिटल गोष्टींचा प्रकरण अभ्यास

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या पूर्व भागात, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, दोन पत्र्याच्या खोल्या, एक व्हरांडा आणि लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. घरात कुणी कन्नड बोलतं, कुणी धनगरी वळणाची मराठी, आणि बरीच मुलं दोन्ही बोलतात. पालकांमध्ये मेंढपाळ आहेत, द्राक्षबागांत आणि बेदाण्याच्या शेडवर मजुरीला जाणारे आहेत, थोडे डाळिंबाचे बागायतदार आहेत. तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या गटसाधन केंद्रात मराठी विषयाचं काम माझ्याकडे असल्यानं या शाळेत माझं जाणं-येणं असतं. बाईंनी चौथीच्या मुलांकडून डिजिटल गोष्टी करून घेतल्या, तो उपक्रम मला सुरुवातीपासून बघायला मिळाला. त्याची ही सविस्तर नोंद. मुलांची, बाईंची आणि गावाची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

अडचण कुठं होती

‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर चौथीनं लिहिलेले निबंध बाईंनी माझ्यापुढं ठेवले. प्रत्येक वहीत बेडूक डराव डराव करत होते, मोर पिसारा फुलवून नाचत होता आणि मुलं कागदाच्या होड्या सोडत होती. या भागातल्या मुलाला पाऊस विचारलात तर तो वेगळंच सांगेल. ढग येतात, वारा सुटतो, आई वाळवण आत घेते आणि ढग तसेच पुढं निघून जातात. टँकर आला की हंडे कसे नंबरात लावायचे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वहीत यातलं एक अक्षर नव्हतं. होतं ते सगळं गाईडमधून उतरलेलं.

हीच मुलं मधल्या सुट्टीत गप्प बसत नाहीत. घोणस कुठं निघाली, कुणाची शेळी विहिरीत पडली, ती दोराला बांधून वर कशी काढली, हे सांगताना त्यांना दम खायलाही वेळ नसतो. म्हणजे सांगण्यासारखं पोटात भरपूर आहे, पेन्सिल हातात आली की ते आटतं. याचं कारण मला तरी उघड दिसतं. लिहायला बसलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला अक्षर वळवायचं असतं, जोडाक्षर आठवायचं असतं, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचं असतं, घरची बोली सोडून पुस्तकातली भाषा आणायची असते, आणि याच्या जोडीला काय सांगायचं तेही डोक्यात धरून ठेवायचं असतं. इतकं ओझं एकदम आलं की मूल सर्वांत आधी सांगायची गोष्ट टाकून देतं आणि पाठ असलेलं वाक्य लिहून मोकळं होतं. ज्याच्या घरी कन्नड बोललं जातं त्याच्यावर तर हे ओझं दुप्पट. शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं, असं 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं. लहान मुलांच्या वाचन-लेखन आणि अंकज्ञानासाठी 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही मौखिक भाषेच्या विकासाला वाचन-लेखनाच्या आधीची जागा आहे. कागदावर हे सगळं आहे, पण वर्गात चौथीपर्यंत बोलण्याचा तास क्वचितच होतो.

पहिली फेरी

डिजिटल गोष्ट म्हणजे स्वतःच्या आवाजात सांगितलेली दोन-तीन मिनिटांची गोष्ट, तिला जोडलेली काही चित्रं किंवा फोटो आणि गरजेपुरता आवाज. या पद्धतीला आकार आला तो अमेरिकेत. 1994 मध्ये जो लॅम्बर्ट, डेना अ‍ॅचली आणि नीना मलन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत त्यासाठी केंद्र काढलं, आणि साध्या माणसांना आपापल्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांगायला शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. गोष्ट कुणाच्या नजरेतून आहे, ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत धरून ठेवणारा प्रश्न कोणता, सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज, काटकसर, वेग अशी सात अंगं त्यांनी मांडली. पुढं ह्यूस्टन विद्यापीठातल्या बर्नार्ड रॉबिन यांनी ही पद्धत शाळेच्या अभ्यासक्रमात कशी बसवायची यावर बरंच काम केलं. बाईंना एका ऑनलाइन प्रशिक्षणात याची तोंडओळख झाली होती.

पहिल्या फेरीत त्यांनी तेच पावसाळ्याचे निबंध घेतले. मुलांनी ते मोबाइलपुढं वाचून दाखवले, नेटवरून मोराची आणि धबधब्याची चित्रं काढली, खाली तयार संगीत लावलं. व्हिडिओ झाले देखणे. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर त्यांचं कौतुकही झालं. बाईंना मात्र ते पटेना, आणि त्यांचं बरोबर होतं. आवाज पाढे म्हटल्यासारखा सपाट होता, चित्रं कुठल्या तरी दुसऱ्याच मुलखातली होती. गाईडमधला निबंध आता रंगीत झाला होता, इतकाच फरक. माझ्या पाहण्यात शाळांमधले असे बरेच उपक्रम इथंच थांबतात. व्हिडिओ तयार झाला की काम झालं, असं धरलं जातं.

बाईंनी क्रम उलटा केला. आधी सांगायचं. मग मोबाइलवर नुसता आवाज धरायचा. तो सगळ्यांनी मिळून ऐकायचा, प्रश्न विचारायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचं, पुन्हा ऐकायचं. समाधान झालं की मगच वहीत लिहायचं. चित्रं त्यानंतर, आणि व्हिडिओ जोडणं सगळ्यात शेवटी. विषयही दिला नाही. ‘तुम्ही तिथं होता आणि बाकीचे नव्हते, अशी एक गोष्ट सांगा,’ एवढंच सांगितलं. माझ्या मते या प्रकरणात जे काही घडलं ते या क्रमामुळं घडलं.

लांडग्याची गोष्ट

एका मुलाचं काम इथं सविस्तर देतो. तो मेंढपाळाच्या घरचा. आई-वडील पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं उतरतात. तिकडचे शेतकरी खतासाठी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात आणि बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतात. मुलगा शाळेसाठी गावात आजीजवळ राहतो. वर्गात तो बोलत नसे. वहीत चार ओळींच्या पुढं कधी गेलेला नव्हता.

पहिल्यांदा त्यानं सांगितलं ते असं (वाडा म्हणजे मेंढपाळांचा रानातला मुक्काम): “दिवाळीच्या सुट्टीत आमी वाड्यावर गेल्तो. रात्री लांडगा आला. कोकरू नेलं. आई रडली. झालं.”

बाईंनी हे जसंच्या तसं मोबाइलवर ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकून तो आधी खाली मान घालून बसला. बाकीची मुलं मात्र पुढं सरकली. यातल्या निम्म्यांच्या घरी मेंढरं आहेत, त्यामुळं प्रश्न थेट आले. “वाघर लावली न्हवती का?” वाघर म्हणजे मेंढरांभोवती रात्री लावतात ते जाळं. तो म्हणाला, लावली होती. मग एका मुलीनं विचारलं, “आन् कुत्रं कुठं हुतं?”

त्याला उत्तर देता आलं नाही. तास तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन बाईंच्या टेबलाजवळ आला. कुत्र्याचं सांगायचं राहिलं, म्हणाला. बाईंनी मोबाइल सुरू केला. “कुत्रं बांधलं हुतं. रानाच्या मालकानं सांगितल्तं, तुमचं कुत्रं कोंबड्यांच्या मागं लागतंय, बांधून घाला. आबानं बांधलं. रात्री ते लई भुंकलं. आमाला वाटलं, बांधलंय म्हणून भुंकतंय.”

मी त्या दिवशी वर्गात होतो. शेवटचं वाक्य झाल्यावर कुणी काही विचारलं नाही. चार तुटक वाक्यांची आता गोष्ट झाली होती, आणि लॅम्बर्ट ज्याला ऐकणाऱ्याला धरून ठेवणारा प्रश्न म्हणतात तो चौथीतल्या एका मुलीनं व्याख्या न शिकता विचारला होता.

यानंतर वर्गात जी चर्चा झाली ती एखाद्या रचनेच्या तासाला शोभावी अशी होती. कुत्र्याचं आधी सांगायचं की नंतर? एक जण म्हणाला, शेवटी सांगू, म्हणजे सगळे चकित होतील. कुत्र्याबद्दल विचारणारी मुलगी म्हणाली, “आधी सांगितलं तर कुत्रं भुंकायला लागल्यावर आपल्याला कळतंय, पण ह्यांना कळत न्हाई. मग भ्या वाटतंय.” बाईंनी दोन्ही प्रकारे सांगायला लावलं, दोन्ही ऐकवलं. मुलानं दुसरा प्रकार निवडला. ऐकता ऐकताच त्यानं वाड्यावर जाण्याचा एसटीचा लांबलचक प्रवास आणि रात्रीच्या जेवणाचं वर्णन काढून टाकलं. “ते नगं, त्यात लांडगा न्हाई,” असं त्याचं कारण होतं. लिहिलेलं खोडायला मुलं तयार नसतात, कारण लिहिताना कष्ट पडलेले असतात. बोललेलं सोडून द्यायला त्यांना काहीच वाटत नाही. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणाचा प्राथमिक शाळेत सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, असं मला आता ठामपणे वाटतं. सांगितलेलं उडून जात नाही, ते पुन्हा समोर ठेवता येतं आणि अक्षराचं ओझं न घेता बदलता येतं.

मग तो लिहायला बसला. मोबाइल कानाशी धरायचा, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. पान भरून उलटलं. त्यात ‘कुत्र भुंकत होत पन आमी उठलो नाय’ असं वाक्य आहे. अनुस्वार गेलेत, ‘पण’चा ‘पन’ झालाय. बाईंनी या टप्प्यावर लाल पेन उचललं नाही. शुद्धलेखनाचा तास त्यांनी नंतर याच मजकुरावर घेतला. माणसांच्या तोंडची वाक्यं बोलीत राहू दिली, निवेदन प्रमाण मराठीकडं नेलं. बोली कुठं ठेवायची आणि कुठं बदलायची, हे मुलांना उदाहरणातून कळलं.

चित्र आणि आवाज

चित्रांच्या वेळी एकानं सुचवलं, नेटवर लांडगा शोधू. शोधला तर बर्फात उभा असलेला, दाट करड्या केसांचा लांडगा निघाला. आपल्या माळावरचा लांडगा अंगानं सडसडीत, मातकट रंगाचा. मुलं लगेच म्हणाली, हा नव्हे. त्यानंतर नियम ठरला की चित्र स्वतः काढायचं किंवा फोटो स्वतः घ्यायचा. मुलानं वाघर काढली ती खुंट्या आणि गाठींसकट, एकेक चौकट मोजून. लांडगा मात्र काढलाच नाही, कारण तो त्यानं पाहिलाच नव्हता. सकाळी वडिलांनी मऊ मातीत माग दाखवले होते, तेवढे काढले. चित्रांचे फोटो व्हरांड्यात, उन्हाची तिरीप पडणार नाही अशा जागी, कागद जमिनीवर ठेवून वरून घेतले. फ्लॅश बंद ठेवला, कारण मेणखडूवर तो चमकतो.

आवाजानं जास्त सतावलं. पत्र्याच्या खोलीत बोललेलं घुमतं आणि बाहेर वारा. या पट्ट्यात पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. उपाय मुलांच्या घरातून आला. एका मुलाच्या आजीनं दोन घोंगडी दिली. खोलीच्या कोपऱ्यात दोरी बांधून ती टांगली, खाली सतरंजी अंथरली आणि मूल त्या कोपऱ्याकडं तोंड करून बसलं. जाड लोकर आवाज शोषून घेते, घुमणं एकदम कमी झालं. मोबाइल विमान मोडवर टाकायचा, तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरायचा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुंकर माइकवर बसत नाही. सकाळी परिपाठानंतरची वेळ उत्तम, तेव्हा वारा पडलेला असतो.

सिनेमाचं संगीत लावायचं नाही, हेही ठरलं. त्याला हक्कांची अडचण असतेच, पण मुख्य म्हणजे ते मुलाचा आवाज खाऊन टाकतं. लांडग्याच्या गोष्टीत मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आहे, तो मुलानं घराजवळ स्वतः धरला. सुरुवातीला वस्तीवरच्या एका आजोबांची ओवी आहे. धनगरी ओव्यांत आधी गायचं आणि मग तोच प्रसंग बोलून उलगडायचा अशी रीत आहे. म्हणजे गोष्ट सांगण्याची तालीम या वस्तीत पिढ्यानपिढ्या चालू आहे, शाळेनं तिला आजवर आत बोलावलं नव्हतं. हे मला फार लागलं.

जोडणी बाईंच्याच मोबाइलवर, इंटरनेट न लागणाऱ्या साध्या अ‍ॅपमध्ये झाली. आधी आवाजाची पट्टी पूर्ण टाकायची आणि तिच्यावर चित्रं बसवायची. मुलं आधी चित्रं टाकून मग आवाज ओढाताण करून बसवायला जातात, त्यात गोष्टीचा वेग बिघडतो. पूर्ण झालेली गोष्ट दोन मिनिटांच्या आत बसली.

जे ध्वनिमुद्रित केलं नाही

गोलात बसून सांगताना एका मुलीनं घरातल्या भांडणाची गोष्ट सुरू केली. वडील, दारू, रात्रीचा आरडाओरडा. बाईंनी मोबाइल बंद केला, तिला मध्येच तोडलं मात्र नाही. तिचं सांगून झालं, आणि तास संपल्यावर बाई तिच्याशी एकट्यानं बोलल्या, नंतर आईशीही. ती गोष्ट केली नाही. शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हा उपक्रम घेण्याआधी याची तयारी ठेवा. मुलांना खरं सांगायला लावलं की खरं बाहेर येतं, आणि प्रत्येक खरी गोष्ट टीव्हीवर लावण्यासाठी नसते.

त्याच मुलीनं मग बेदाण्याची गोष्ट केली. आई शेडवर निवडणीला जाते, सुट्टीच्या दिवशी ही बरोबर असते. द्राक्षं द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात, वाळली की झाडून खाली पाडतात, गंधकाची धुरी दिलेल्या मालाचा रंग कसा पिवळा राहतो, बायका काड्या आणि काळे मणी बोटांनी किती झरझर वेगळे करतात, हे तिनं इतकं बारकाईनं सांगितलं की बाईंनाही त्यातलं अर्धं माहीत नव्हतं. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, हे परिसर अभ्यासाच्या तासाला त्यानंतर आपोआप आलं.

दाखवणं

गोष्टी पेन ड्राइव्हवरून शाळेच्या टीव्हीवर, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जोडून पालकांना दाखवल्या. लांडग्याच्या गोष्टीवाल्या मुलाचे आई-वडील तेव्हा वाड्यावर होते. बाईंनी ती फक्त त्यांच्या मोबाइलवर पाठवली. केंद्राच्या ग्रुपवर आणि यूट्यूबवर टाकायची मागणी झाली, ती बाईंनी मानली नाही. मुलांचे आवाज, चेहरे आणि घरचे तपशील त्यात आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, शेताच्या मालकाच्या सांगण्यावरून कुत्रं बांधलं आणि नुकसान झालं, ही गोष्ट गावोगाव फिरली तर पुढच्या हंगामात त्या कुटुंबाला ते रान मिळेल का, हा प्रश्न होताच. तो विचार बाईंनी केला, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

काय बदललं, काय नाही

वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर फरक दिसतो. कमी लिहिणाऱ्या मुलांचं लेखन लांबलं, आणि त्यात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तेवढ्यात’ असे प्रसंग जोडणारे शब्द आले, जे आधीच्या निबंधांत जवळपास नव्हते. एकमेकांच्या लेखनाला मुलं ‘छान आहे’ म्हणण्याऐवजी प्रश्न विचारायला लागली. शुद्धलेखन मात्र जिथं होतं तिथंच आहे. त्यासाठी वेगळं काम लागेल आणि या उपक्रमाकडून ती अपेक्षा धरू नये.

वर्गातली सर्वांत हुशार समजली जाणारी मुलगी या काळात अस्वस्थ होती. तिचे नेटके, पाठ केलेले निबंध इथं चालेनात, आणि तिची गोष्ट सर्वांत फिकी झाली. तिलाही वेळ द्यावा लागेल. एका मुलाला स्वतःचा आवाज ऐकवेचना. त्यानं गोष्ट मित्राकडून सांगून घेतली आणि चित्रं स्वतः काढली, बाईंनी ते चालवून घेतलं. हंगामासाठी कुटुंब हलल्यामुळं काहींच्या गोष्टी अर्ध्यावर राहिल्या.

वेळ भरपूर गेला. मराठीच्या तासिका कित्येक आठवडे यातच लागल्या, आणि जोडवर्ग असल्यानं तिसरीला त्या काळात श्रोत्याचं काम मिळालं. खर्च नगण्य, पण तो बाईंच्या खिशातून आणि बाईंच्या मोबाइलमधून झाला. त्याची जागा भरली, अधूनमधून फोन येऊन ध्वनिमुद्रण तुटलं. शाळेच्या अनुदानातून एक साधा मोबाइल किंवा आवाज धरणारं छोटं यंत्र शाळेच्या नावावर असायला हवं, हे मी माझ्या अहवालात लिहिलं आहे.

या वर्षी बाईंनी दोन बदल केले आहेत. ज्यांच्या घरी कन्नड आहे त्यांनी पहिल्यांदा कन्नडमध्येच सांगायचं, ते ऐकायचं आणि मग मराठीत आणायचं. दुसरं, तिसरीनंही आठवड्यातून एकदा गोलात बसून सांगायचं, पण त्यांच्यासाठी मोबाइल नाही, फक्त सांगणं आणि प्रश्न. केंद्रातून उत्कृष्ट व्हिडिओची स्पर्धा घ्यावी अशी सूचना आली होती. स्पर्धा लागली की पुन्हा मोर आणि धबधबे येतील, म्हणून मी तिला विरोध केला. केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत बाई लांडग्याच्या गोष्टीचं पहिलं आणि शेवटचं ध्वनिमुद्रण ऐकवणार आहेत, त्यासाठी मुलाच्या घरून परवानगी घेतली आहे. त्यानंतर वही सगळ्यांच्या हातून फिरेल, आणि वेळ उरला तर व्हिडिओ दाखवला जाईल.